चासी कापण्याआधी चाकं किती हलणार ते ठरवा: जमिनीलगतची हॉट रॉड घरी बांधताना

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी कापून, बदलून, मोठं इंजिन घालून केलेली बुटकी, वेगवान गाडी. मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. हाताशी १९३० सालच्या फोर्ड मॉडेल ए कूपची बॉडी आहे, तिची मूळ चासी आहे, आणि दुसऱ्या गाडीतून उतरवलेलं व्ही-८ इंजिन गिअरबॉक्ससकट आहे. जागा एका गाडीपुरती. हत्यारांत मिग वेल्डर, ग्राइंडर आणि ड्रिल. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसायला हवी, चासीचा तळ जमिनीपासून तीन इंचांवर हवा. त्यासाठी स्प्रिंगचे पाटे कमी करावेत की चासी कापावी, आणि सुरुवात कुठून करावी?

मी बरीच वर्षं हेच काम करतो. स्वतःच्या गाड्या बांधल्या आहेत आणि इतरांनी अर्ध्यावर सोडलेल्याही पुऱ्या केल्या आहेत. अर्ध्यावर सुटलेल्या गाड्यांत एक गोष्ट मला पुन्हापुन्हा दिसली: मालकाने पहिल्याच आठवड्यात ग्राइंडर चालवलेला असतो. तुम्ही कापण्याआधी विचारलंत याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा प्रश्न वरवर उंचीचा आहे. खरा प्रश्न असा, की रस्त्यावर धावताना एक्सल वर-खाली किती हलणार आणि तो हलल्यावर कुठे आपटणार. उभी गाडी तीन इंचांवर आणणं दोन तासांचं काम आहे. खड्ड्यातून जाताना ती तीन इंचांवरची गाडी काय करेल हे ठरवण्यात सगळी बांधणी आली. गाडी खाली आणायची ती बॉडी आणि चासीची जागा बदलून. एक्सलला हलायला लागणारी जागा त्यासाठी कधीच खर्ची घालायची नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

काही बाबी मी इथून ठरवू शकत नाही. तुमची उंची किती, गाडी रोज चालवणार की महिन्यातून एकदा, तुमच्या भागातले रस्ते कसे आहेत, कोणते टायर मिळाले आहेत, तुमचा वेल्डिंगचा हात किती बसला आहे, या प्रत्येकाने उत्तर थोडं हलतं. कायद्याचं तर फारच. काही ठिकाणी चासी कापली की ती नवी गाडी धरतात, काही ठिकाणी प्रत्येक जोडाचे फोटो आणि अभियंत्याची सही लागते, काही ठिकाणी असा बदल अजिबात चालत नाही. तुमच्याकडे काय चालतं ते नोंदणी आणि तपासणी करणाऱ्या कार्यालयाकडून लेखी मागून घ्या आणि त्यानंतरच लोखंडाला हात लावा. गाडी पूर्ण झाल्यावर ती रस्त्यावर नेता येत नाही असं कळणं फार वाईट. त्या अवस्थेतल्या दोन गाड्या मी पाहिल्या आहेत.

थोडं मागे जाऊ, कारण हे रूप कुठून आलं ते कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कॅलिफोर्नियात म्युरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तलावांवर पोरं जुन्या फोर्ड गाड्या पळवत. १९३७ साली तिथल्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, आणि १९४९ पासून बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर स्पीड वीक भरू लागला. तिथे वेगाच्या आड यायची ती हवा. हवेला छाती कमी दिसावी म्हणून या लोकांनी मडगार्ड काढले, छपराचे खांब कापून छत बुटकं केलं आणि बॉडीची फरशी कापून ती चासीवर खाली सरकवली. तिथे गाडी बुटकी झाली ती अशी, बॉडी खाली बसवून. आणखी एक लक्षात घ्या, तलावाचा तळ सपाट होता. तुमच्या वाटेत गतिरोधक, गटारांची झाकणं आणि गाळ्याच्या दाराचा चढ आहे.

आता तुमचे तीन इंच. आमच्या कामात स्क्रब लाइन नावाची एक मोजणी आहे आणि ती मी कोणत्याही गाडीवर सोडत नाही. गाडी समोरून बघताय अशी कल्पना करा. डाव्या चाकाच्या रिमची खालची कड घ्या आणि तिथून उजवा टायर जमिनीला टेकतो त्या बिंदूपर्यंत दोरी ताणा. मग उलट बाजूने तशीच दुसरी. दोन दोऱ्यांची फुली तयार होते. या दोऱ्यांच्या खाली गाडीचा कोणताही भाग लोंबता कामा नये. कारण सरळ आहे: एक टायर फुटला की गाडी त्या रिमवर बसते आणि नेमकी ती दोरी म्हणजे जमीन होते. जे तिच्याखाली असेल ते रस्ता उकरतं. ते स्टिअरिंगचा दांडा किंवा ब्रेकचा पाइप असेल, तर गाडी तुमच्या ताब्यात राहत नाही.

आकडे घालून बघू. समजा पुढचा टायर बाहेरून २६ इंच व्यासाचा आहे आणि रिम १५ इंची. रिमची कड धरून तिचा व्यास साधारण साडेसोळा इंच भरतो. म्हणजे रिमची खालची कड जमिनीपासून पावणेपाच इंचांवर आली. चासीची बाजू चाकापासून दोन चाकांमधल्या अंतराच्या चौथ्या हिश्श्यावर असेल, तर तिथे दोरीची उंची त्या पावणेपाच इंचांचे तीन चतुर्थांश, म्हणजे साडेतीन इंचांहून किंचित जास्त. तुमचे तीन इंच या रेषेच्या खाली जातात. गाडीच्या बरोबर मध्ये दोरी २.४ इंचांपर्यंत उतरते, म्हणून ऑइल चेंबर मध्यावर असेल तर त्याला थोडी सवलत मिळते. चाकाजवळच्या वस्तूंना मिळत नाही. मी स्वतः याहून कडक नियम पाळतो: स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शनचा एकही भाग रिमच्या खालच्या कडेच्या खाली नको, आणि चासीचा तळ या टायरवर चार ते साडेचार इंचांच्या आत नको. फोटोत हा दीड इंच कोणाला कळणार नाही. डोळ्याला गाडी बुटकी वाटते ती बॉडीची खालची कड कुठे आहे आणि टायर बॉडीच्या किती वरपर्यंत दिसतो त्यावरून.

पाटे काढण्याबद्दल माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. मॉडेल ए ला पुढे आणि मागे एकेक आडवी पाट्याची स्प्रिंग असते. ती वजन पेलते आणि एक्सलला आडवं धरूनही ठेवते. वजनाच्या हिशेबाने एखादा पाटा कमी करणं वेगळं; पुढे मूळ इंजिनापेक्षा हलकं इंजिन बसलं तर ते करावंच लागतं. पण उंची कमी करायला पाटे काढले की उरलेल्या पाट्यांवर ताण वाढतो, स्प्रिंग मऊ होते, म्हणजे एक्सल जास्त हलायला बघतो, आणि त्याच वेळी हलायची जागा आपण कमी करून ठेवलेली असते.

मी हे केलेलं आहे. माझ्या पहिल्या गाडीत पुढच्या स्प्रिंगचे तीन पाटे काढले. गाडी झकास बसली. दोन आठवड्यांनी तेल बदलायला खाली शिरलो तर डाव्या बाजूला चासीच्या तळावर अंगठ्याएवढा चकचकीत डाग दिसला. रंग उडालेला, लोखंड घासून आरशासारखं झालेलं, कडेला बारीक बुरा. एक्सल तिथे येऊन आपटत होता. त्या डागापासून दोन बोटांवरून ब्रेकचा पाइप गेला होता आणि त्यालाही चपटा दाब बसलेला. चालवताना मला फक्त अधूनमधून ‘ठक’ ऐकू यायचं आणि मी ते जुन्या गाडीचं बोलणं समजत होतो. दुसऱ्या दिवशी पुढचा भाग पूर्ण उतरवला.

तेव्हापासून पुढे किमान अडीच इंच आणि शक्यतो तीन इंच वर जायची मोकळीक ठेवल्याशिवाय मी गाडी पुढे नेत नाही. शेवटच्या अर्ध्या-पाऊण इंचाला रबराचा बंपस्टॉप, म्हणजे लोखंडावर लोखंड येतच नाही. नेमकी किती जागा वापरली जाते ते बघायला शॉकअब्सॉर्बरच्या दांड्यावर एक प्लॅस्टिकचा टाय बांधा, किंवा बंपस्टॉपवर मातीचा छोटा गोळा चिकटवा आणि नेहमीच्या रस्त्यावर फेरी मारून या. टाय किती सरकला, गोळा किती चेपला, ते खोटं बोलत नाही.

मग गाडी खाली आणायची कशी? पुढे ड्रॉप्ड एक्सल. त्याची दोन टोकं वर वळवलेली असतात, म्हणून चाकं जागेवर राहतात आणि मधला भाग, त्यावर बसलेली चासी धरून, खाली येतो. चार इंची ड्रॉप ही रूढ गोष्ट आहे. स्प्रिंगच्या मुख्य पाट्याचे डोळे, म्हणजे त्याची गोल वळवलेली टोकं, उलटे वळवून घेतले की आणखी साधारण एक इंच मिळतो. हे पाच इंच झाले. त्यांतल्या एक्सलच्या चार इंचांत मोकळीक तेवढीच राहते; डोळ्यांचा इंच मात्र मोकळिकीतून जातो, तो हिशेबात धरा. यापुढे लोक सुइसाइड पद्धतीकडे जातात, म्हणजे स्प्रिंग चासीच्या पुढे एका ब्रॅकेटवर टांगतात आणि चासी तिच्या मागे आणखी खाली बसते. त्या एका ब्रॅकेटवर गाडीचं पुढचं सगळं वजन असतं, नाव उगीच पडलेलं नाही. ते करता येतं, पण पहिल्या गाडीत नको असं मी सांगेन.

मागे चासीला ‘झेड’ मारतात. एक्सलच्या पुढे चासी कापून मागचा तुकडा वर उचलून जोडायचा. सहा इंचांचा झेड म्हणजे चासी सहा इंच खाली, आणि एक्सल तिच्याखाली मोकळा. मात्र तो उचललेला भाग बॉडीच्या आत, मागच्या सीटच्या किंवा डिकीच्या जागेत येतो. तिसरा उपाय चॅनेलिंगचा, तलावावरच्या लोकांचा: बॉडीची फरशी कापून बॉडी चासीच्या बाजूंवर खाली उतरवायची. चासी चार इंच उंच असेल तर बॉडी चार इंच उतरते. किंमत मोजावी लागते ती तुमच्या गुडघ्यांना, कारण फरशी बॉडीच्या मानाने तेवढीच वर येते.

छत कापण्याचा मोह आत्ता आवरा. चार इंच चॅनेल आणि वर तीन इंच चॉप म्हणजे डोक्यापासून बुडापर्यंतचे सात इंच गेले. मोजपट्टी घ्या, कूपमध्ये आत्ता बसून टाळूपासून छतापर्यंत किती जागा आहे ते मोजा आणि त्यातून सात वजा करा. बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो.

सुरुवात कुठून, याचं उत्तर आता देतो. सुरुवात रिकाम्या जमिनीपासून. पारदर्शक नळीत पाणी भरून फरशीची पातळी तपासा आणि चार चाकांच्या जागी पत्र्याच्या चकत्या ठेवून त्या चार जागा एका पातळीत आणा. फरशीवर मधोमध खडूच्या दोरीने सरळ रेष मारा. पुढे महिनोन्‌महिने प्रत्येक माप त्या रेषेवरून घ्यायचं आहे. मग खरे टायर, खरे रिम लावलेले एक्सल त्यांच्या जागी उभे करा. चासीऐवजी लाकडी ठोकळे. ठोकळ्यांवर बॉडी, तुम्हाला हवी त्या उंचीला. रिकामा इंजिन ब्लॉक आणि गिअरबॉक्सचं कवच मिळालं तर तेही ठोकळ्यांवर, नाहीतर पुठ्ठ्याची बरोबर मापाची पेटी. आत तुम्ही प्रत्यक्ष वापरणार ती सीट. आणि त्या सीटवर बसा, रोज अर्धा तास.

हा आठवडा-पंधरवडा वाया जातोय असं वाटेल, पण गाडी खरं म्हणजे याच दिवसांत बांधली जाते. क्लच दाबताना गुडघा स्टिअरिंगला लागतो का. पुढचं चाक पूर्ण वळवल्यावर टायर चासीला घासतो का, आणि हेच चाक तीन इंच वर उचलून पुन्हा बघितलं तर? ऑइल चेंबर दोरीच्या वर आहे का? रेडिएटर पुढच्या जाळीमागे किती उंचीचा मावतो? बॉडी खाली गेली की रेडिएटरही बुटका होतो आणि व्ही-८ ला गारवा कमी पडतो. मग इंजिन मागे सरकवून जाड रेडिएटर, नीट आवरणातला पंखा अशी तजवीज करावी लागते. हे सगळे प्रश्न ठोकळ्यांवर फुकटात सुटतात. वेल्डिंग झाल्यावर एकेक प्रश्न एकेक महिना खातो.

ठोकळ्यांवरची मापं पटली की मग चासी. मॉडेल ए ची मूळ चासी पातळ पत्र्याच्या उघड्या चॅनेलची आहे आणि ती ४० हॉर्सपॉवरच्या चार सिलिंडर इंजिनासाठी केलेली होती. फोर्डने १९३२ मध्ये पहिली व्ही-८ आणली, ती ६५ हॉर्सपॉवरची, आणि तिच्यासाठी चासी नवी आणि जास्त भक्कम घडवली. तुमचं इंजिन यापेक्षा बरंच ताकदवान असणार. म्हणून जुनी चासी पेटीसारखी बंद करण्यापेक्षा ४ बाय २ इंची चौकोनी पाइपची नवी बनवा असं माझं मत आहे. जाडी ३ मिलिमीटरच्या खाली नको. जुनी चासी फेकू नका. तिची मापं, बॉडी बसवायची भोकं आणि नोंदणीच्या दृष्टीने तिचा क्रमांक, तिन्ही लागतील.

झेडचा जोड हा या गाडीतला सर्वांत महत्त्वाचा जोड आहे. पाइप उभा सरळ कापून एकावर एक टेकवून जोडू नका. गाडीचं वजन चासीला वाकवत असतं आणि सरळ उभ्या जोडाच्या खालच्या टोकाला सगळा ताण एका रेषेत येतो. मी जोड तिरका घेतो, आतून एक घट्ट बसणारा तुकडा सरकवतो, आणि बाहेरून दोन्ही बाजूंना पतंगाच्या आकाराची पट्टी लावतो. पट्टीची टोकं निमुळती ठेवायची, म्हणजे ताकद एकदम सुरू होऊन एकदम संपत नाही. चासीच्या तळाच्या पट्ट्यावर आडवं वेल्डिंग शक्यतो करूच नये. तडे नेहमी तिथून सुरू होतात. झेडच्या कोनांत आतल्या बाजूला त्रिकोणी पाठिंबे द्या.

आता तुमच्या वेल्डिंगच्या हाताबद्दल, आणि हे मी काळजीने लिहितो. मिग वेल्डिंग बाहेरून सुरेख दिसतं आणि आत मुरलेलं नसतं. नवशिक्याच्या कामात हे हमखास होतं, आणि नुसतं पाहून मलाही ओळखता येत नाही. त्यामुळे चासीला लावण्याआधी त्याच पाइपच्या दहा-बारा तुकड्यांवर, त्याच जाडीवर, त्याच अवघड अवस्थेत हात ठेवून जोड करा. उभा, आडवा, डोक्यावरचा. मग ते जोड करवतीने मधोमध कापा आणि कापलेली बाजू घासून बघा: वेल्ड दोन्ही पाइपांच्या अंगात शिरला आहे की वर नुसता बसला आहे? दुसरा तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवा. वाकताना मूळ पाइप वाकला पाहिजे; जोड सुटला तर तो गाडीत नको. पाच-सहा तुकडे ओळीने पास होईपर्यंत चासीवर फक्त टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारा. हात बसला नाही तर सगळी चासी टाके मारून तयार ठेवा आणि पूर्ण वेल्ड परवानाधारक वेल्डरकडून करून घ्या. अनेक चांगल्या गाड्या अशाच होतात, त्यात कमीपणा नाही.

वेल्डच्या उष्णतेने चासी ओढली जाते. दोन्ही कर्ण मोजून टाके मारा, मग एका कोपऱ्यात दीड इंच वेल्ड, पुढचा तिरक्या कोपऱ्यात, गार होऊ द्या, पुन्हा कर्ण मोजा. दोन कर्णांत अर्ध्या सुतापेक्षा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त फरक आला की थांबायचं. ओळंबा सोडून प्रत्येक कोपरा फरशीवरच्या रेषेशी ताडून बघायचा. घाईत एका बाजूला सलग फूटभर वेल्ड मारला, तर ती बाजू केळ्यासारखी वळलेली मी पाहिली आहे.

वेल्डिंग करताना दोन गोष्टी अंगाशी येतात. जस्ताचा मुलामा असलेला पाइप घासून मोकळा केल्याशिवाय वेल्ड करू नका, त्याच्या धुराने ताप भरतो. आणि क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या लोखंडावर आर्क कधीही पेटवू नका. त्यातून फॉस्जीन वायू तयार होतो, तो अगदी थोडाही जीव घेऊ शकतो. पुसायला अॅसिटोन वापरा, पूर्ण वाळू द्या, डबा आणि फडकी लांब ठेवा. पेट्रोलची टाकी गाडीत असताना तर ठिणगीच नको.

स्टिअरिंगचं एक गणित बुटक्या गाड्यांत नेहमी चुकतं. सरळ एक्सलला किंगपिन, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं ती, मागे कललेला लागतो, त्याला कॅस्टर म्हणतात. मी पाच ते सात अंश ठेवतो. तो कमी झाला की गाडी वेगात सरळ राहत नाही आणि खड्ड्यानंतर चाकं थरथरू लागतात. आता बघा, मॉडेल ए च्या दोन एक्सलमध्ये १०३.५ इंच अंतर आहे. सपाट चासीवर कॅस्टर लावला आणि नंतर गाडीचं नाक मागच्यापेक्षा दोन इंच खाली बसवलं, तर साधारण एक अंश कॅस्टर आपोआप गेला. मागे मोठे टायर घातले की आणखी गेला. म्हणून कॅस्टर, तो लावणारे ब्रॅकेट आणि एक्सलला चासीशी धरून ठेवणारे रेडियस रॉड हे सगळं गाडी अंतिम उंचीवर, अंतिम टायरवर उभी असतानाच टाके मारायचं. चाकांचा टो-इन, म्हणजे पुढच्या बाजूने चाकं आत वळलेली असण्याचं माप, अर्धा ते एक सूत.

पुढचा एक्सल पाइपचा गोल असेल, तर मूळ रेडियस रॉड फाडून दोन बाजूंना बांधू नका. वळणावर एका बाजूचं चाक वर जातं तेव्हा अशी बांधणी एक्सलला पिळते. आय-बीम एक्सल तो पीळ सोसतो, पाइपचा सोसत नाही. त्याला चार-बार पद्धत लागते. स्टिअरिंग आडवं असेल तर पॅनहार्ड रॉड (एक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) शक्यतो एकाच लांबीचे आणि एकमेकांना समांतर ठेवा. तपासायला स्प्रिंग काढा, स्टिअरिंग बांधून ठेवा आणि जॅकने एक्सल वर-खाली करा. चाकं वळता कामा नयेत. वळली, तर प्रत्येक खड्डा तुमच्यासाठी स्टिअरिंग फिरवणार आहे. आणि स्पिंडल, स्टिअरिंग आर्म यांसारख्या घडीव भागांना वेल्डरची ठिणगीही लागू देऊ नका.

झेड मारल्यावर मागचा एक्सल इंजिनाच्या मानाने वर येतो आणि प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलतात. इंजिन मागे तीन अंश उतरतं असेल तर पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधला शाफ्ट जोडायचा दात्यांचा दांडा, तीन अंश वर बघणारा हवा, म्हणजे दोन्ही रेषा समांतर. शाफ्टच्या टोकाच्या प्रत्येक यूजे क्रॉसला (वाकणाऱ्या सांध्याला) एक ते तीन अंश काम मिळावं. शून्य अंशही चांगला नाही. आतल्या सुया फिरत नाहीत आणि एका जागी खड्डे पाडतात.

ब्रेकमध्ये एक बारकावा. बॉडी खाली गेली की पेडल आणि मास्टर सिलिंडर फरशीखाली जातात आणि बरेचदा चाकांवरच्या ब्रेकपेक्षा खाली येतात. मग तेल हळूहळू परत ओघळतं आणि पहिल्या पेडलला पाय खोल जातो. त्यासाठी पाइपमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह घालतात, डिस्कच्या बाजूला २ पीएसआयचा आणि ड्रमच्या बाजूला १० चा. बूस्टर नसेल तर पेडलचं गुणोत्तर सहास एकच्या आसपास. मास्टर सिलिंडर दोन मार्गांचाच, याला पर्याय नाही. पाइप तांब्याचे नकोत. पोलादी किंवा कुप्रो-निकेलचे, दुहेरी फ्लेअर केलेले (टोक दुमडून पसरवलेले), आणि चासीच्या तळाखालून कधीच नाही.

तर क्रम असा लावा. कार्यालयाची लेखी परवानगी, मग टायर आणि रिम, मग दोरीची फुली आणि एक्सलची मोकळीक, मग ठोकळ्यांवर सगळी गाडी आणि तुम्ही आत. त्यानंतर चासी, मग एक्सल आणि स्टिअरिंग, मग इंजिन आणि शाफ्ट, मग ब्रेक. चासी स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्यावर बॉडीची फरशी. छत कापायचंच असेल तर त्याच्याही नंतर.

गाडी पहिल्यांदा हलेल तेव्हा ती बिनरंगाची असू द्या. बंद आवारात, चालण्याच्या वेगाने, आधी फक्त ब्रेक. प्रत्येक नट आवळल्यावर त्यावर आणि शेजारच्या लोखंडावर एकच पांढरी रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पन्नास किलोमीटरनंतर सगळ्या रेघा बघा, दोनशेनंतर पुन्हा. पाचशेला गाडी उचला, दिवा घेऊन खाली झोपा, झेडचे चारही जोड वायरब्रशने घासून त्यांच्या कडांवर बोट फिरवा, आणि चासीच्या तळावर कुठे चकचकीत डाग पडलाय का ते शोधा. रंगाखाली हे दिसत नाही, म्हणून रंग त्यानंतर.